माझं अक्षर ज्याला लागायचं

परभणीहून जिंतूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना पुन्हा कापूस लागलाय. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, या मुलखात बाभळीलाच कापूस येतो. कापसानं फुगलेल्या बैलगाड्या बाजाराकडं निघतात, रस्त्यावर वाकलेल्या फांद्या त्यांच्यातून चिमूट चिमूट ओढून घेतात, आणि दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने काट्यांवर पांढरं दिसत राहतं. एसटीच्या खिडकीच्या गजांतही तंतू अडकतात. मी ते बोटानं सोडवते, त्याची गोळी करते आणि कुठं टाकावी ते न सुचून पिशवीत ठेवते. कालही ठेवली. पिशवीच्या तळाशी अशा किती गोळ्या साठल्यात, ते मी बघत नाही.

मी पत्रकं लिहिणारी बाई. माझी वाक्यं सभेतल्या माणसांसारखी उठून उभी राहतात आणि कुणाकडं तरी बोट दाखवतात. ऋतूवर काहीतरी लिहा म्हणणाऱ्यांना मी आधीच बजावलं होतं, की मला ऋतू दिसत नाही, त्यात राबणारी माणसं दिसतात. पण कापूस फुटला की चार वर्षांपूर्वीची एकच वेचणी समोर येते, आणि तिच्यात बोट दाखवायला माझ्यावाचून कुणी सापडत नाही. म्हणून लिहितेय.

उत्तम माझा नवरा. परभणीत स्टेशनजवळच्या छापखान्यात तो खिळे जुळवायचा, म्हणजे कंपोझिटर होता. दुष्काळी कामावरच्या बायकांसाठी मी पहिलं पत्रक लिहून नेलं, तेव्हा छापखान्याच्या मालकानं कागद उभा धरला, आडवा धरला आणि विचारलं, हे मराठी आहे की मोडी. माझं अक्षर तसंच होतं. शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या. मी घाईत लिहायचे आणि रागात लिहायचे, त्यामुळं मात्रा कुठल्या कुठं उडायच्या. मागं खिळ्यांच्या खणांपाशी उभ्या असलेल्या एका काटकुळ्या माणसानं हात पुसले, कागद घेतला आणि सबंध पत्रक न अडखळता वाचून दाखवलं. मी खोडलेला शब्दसुद्धा वाचला. म्हणाला, हा खोडला ते बरं केलं बाई, परत घालू नका. असा माणूस मला आधी भेटला नव्हता. वर्षभरात आमचं लग्न झालं, बुद्धाच्या तसबिरीपुढं, दोन हारांवर. पुढं परभणीतल्या सगळ्या छापखान्यांना ठाऊक झालं, की या बाईचं अक्षर तिच्या नवऱ्याशिवाय कुणाला लागत नाही.

पत्रकं बहुतेक एकाच गोष्टीवर असायची. खडी फोडणाऱ्या, येलदरीच्या कालव्यावर माती वाहणाऱ्या बायकांचं हजेरीपत्रक कारकुनाच्या काखेत असायचं, आणि त्यात काय लिहिलंय ते त्यांना कुणी सांगत नसे. बाई आठवडाभर राबायची आणि कागदावर दोनच दिवस हजर असायची. मी प्रत्येक पत्रकाच्या तळाला एक ओळ घालायचे: 'ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याला ते वाचून दाखवा.' दर वेळी नव्यानं जुळवायला नको म्हणून उत्तमनं त्या ओळीचे खिळे सुतळीनं बांधून फळीवर ठेवून दिले होते. पत्रक कसलंही असो, खाली ती ओळ यायचीच.

त्या वर्षी बोंडं उकलायला लागली आणि तो थकायला लागला. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायचा आणि बूट बांधतोय असं दाखवायचा. घामानं सदरा भिजायचा, तोही थंडीत. पोट डावीकडून पुढं आलं. मी चिडवलं, कंपोझिटर असून मालकासारखं पोट सुटायलंय तुझं. त्यानं हसून पट्ट्याचं भोक बदललं. चेहरा उतरतोय आणि पोट वाढतंय, हे मला एकत्र दिसलं नाही. दुसऱ्यांच्या हालांचे पुरावे गोळा करण्यात मी फार गुंतले होते.

खणांच्या लाकडी चौकटीचा काठ नेमका त्याच्या दुखऱ्या कुशीला लागायचा. त्याची आई, आमच्या आत्या, जिंतूरजवळच्या गावात रोजानं वेचणीला जायच्या. त्या आल्या तेव्हा पदराच्या गाठीत कापूस होता. त्यांनी बसल्या बसल्या हातानं सरकी काढली, जुन्या लुगड्याची एक लांबोडकी उशी शिवली आणि त्या काठाला बांधायला दिली. पाणथरी वाढलीय माझ्या लेकाची, म्हणाल्या, हिवतापानं वाढती. प्लीहेला आमच्याकडं पाणथरी म्हणतात. डॉक्टरांनीही आधी हिवतापाचंच औषध दिलं. मग रक्त तपासलं आणि औरंगाबादला पाठवलं.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या छातीच्या हाडात सुई घातली. मी व्हरांड्यात उभी होते. डॉक्टर माझ्याच वयाचे असतील. त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, की हा रक्ताचा कॅन्सर आहे, हळू चालणारा आहे. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यात. गोळ्यांनी दबेल, मुळातून जाणार नाही. काही वर्षं मिळतील. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तहसीलदाराला उत्तर मिळेपर्यंत न सोडणारी मी, मीही विचारलं नाही. पेशंटला सांगू नका, तो खचतो, असं ते म्हणाले. तेव्हा तशी रीतच होती. मी मान हलवली. इतक्या मुकाट मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत जालना गेलं, परतूर गेलं. खिडकीबाहेर कापूसच कापूस, आणि ओट्या बांधून ओळीनं वाकलेल्या बायका. उत्तमनं विचारलं, काय म्हणाले. मी म्हणाले, रक्त कमी झालंय, गोळ्या दिल्यात. एवढंच ना, म्हणून तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. मला कुणाला तरी सांगायचं होतं. अनोळखी माणूसही चालला असता. समोर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिनं आपणहून विचारलं, "मालक आजारी हायेत का, बाई?" आणि मी म्हणाले, न्हाई मावशी, जागरण झालंय. सेलू येईपर्यंत ती मला शेंगा देत राहिली आणि मी खात राहिले. त्या शेंगांची चव मला आठवत नाही. टरफलं कुठं टाकावी म्हणून मी मूठ मिटून बसले होते, एवढं आठवतं.

पुढचे तीन आठवडे मी छापखान्यातल्या माणसापासून लिहिलेलं लपवत होते. हे किती अवघड असतं, ते मी सांगू शकते. त्याला वाचायची खोड. फुटाण्याची पुडी आली तरी फुटाणे वाटीत ओतून तो कागद वाचायचा. गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल मी नखानं खरवडून काढलं. औरंगाबादचा कागद ट्रंकेत हजेरीपत्रकांच्या नकलांखाली ठेवला. बाकीच्यांच्या नोंदी वर, त्याची तळाशी. सकाळी तो कामाला गेला की मी ट्रंकेवर बसून भाषणाची तयारी करायचे आणि त्याच ट्रंकेवरून उठून कुठल्याशा कामावर जायचे. तिथं शंभर बायकांसमोर ओरडून सांगायचे, तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते जाणून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. बायका टाळ्या वाजवायच्या. मी घरी येऊन त्याला विचारायचे, गोळी घेतलीस का. तो म्हणायचा, घेतली. मग आमच्यात बोलायला काही उरायचं नाही. ज्या माणसाला मी सगळं सांगायचे, त्यालाच सांगता येत नव्हतं, आणि तो सोडून दुसरं कुणी मी कधी ठेवलंच नव्हतं.

मग त्याचं रक्त खरोखरच खाली गेलं. परभणीच्या दवाखान्यात शनिवारी दोन बाटल्या चढवायचं ठरलं, त्याच्या बदल्यात दोन माणसांनी रक्त द्यायचं. माझं घेईनात, मीच अशक्त निघाले. मला वाटलं, आपल्याला माणसांचा काय तोटा. त्याच उन्हाळ्यात आमच्या लोकांनी एका निवेदनावर रक्तानं सह्या केल्या होत्या. अंगठ्याला टाचणी टोचून, रांग लावून. भाषणात तर प्रत्येक जण शेवटच्या थेंबापर्यंत जायचा. मी जिंतूरला गेले, येलदरीला गेले, गंगाखेडला गेले. एकाची वेचणी निघाली होती. एकाला आईनं शपथ घातली होती. ज्याच्या आवाजावर सभा उठायची तो गंगाखेडचा कार्यकर्ता म्हणाला, "ताई, बाटलीभर रक्त गेलं की माणूस कायमचा ढिला पडतो. चळवळीला मी लागतो का न्हाई?" मी त्याला जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

परतताना बसमध्ये मांडीवर कागद ठेवून मी पत्रक लिहिलं. रस्ता खराब, राग मोठा, अक्षराचं काय झालं असेल ते समजून घ्या. नाव घातलं नाही. 'स्टेशनजवळच्या छापखान्यातल्या एका तरुण कामगाराला रक्ताच्या कॅन्सरनं गाठलं आहे' एवढं एक वाक्य, आणि उरलेलं सगळं पान सरकारला, समाजाला आणि रक्तानं सह्या करणाऱ्या वीरांना. ते उत्तमच्या छापखान्यात देणं शक्यच नव्हतं. मी चौकातल्या करीमचाचांच्या छापखान्यात दिलं. नेहमीचंच पत्रक आहे, उद्या छापून ठेवा, मी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माणसं शोधायला निघून गेले.

करीमचाचांच्या कारागिराला त्यातलं काही लागलं नाही. परभणीतले सगळे छापखाने माझ्या कागदाचं जे करायचे तेच चाचांनी केलं. स्वतः स्टेशनपर्यंत चालत गेले, कागद उत्तमच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मियाँ, तुमच्या बेगमचं खत हाय, तुमीच वाचा."

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा उत्तम राखेनं हात धूत होता. रोज धुवायचा तसे, नखांच्या कडा घासून. खाटेवर पत्रकांचा गठ्ठा होता. मी वरचा कागद उचलला. माझं पत्रक नव्हतंच ते. मोठ्या टाईपात चार ओळी होत्या:

'रक्त पाहिजे. मला रक्ताचा कॅन्सर झाला आहे. शनिवारी सकाळी परभणीच्या सरकारी दवाखान्यात दोन माणसं हवी आहेत. रक्त दिल्यानं वेचणीला खाडा पडत नाही. उत्तम, कंपोझिटर.'

आणि तळाला, नेहमीच्या जागी, ती सुतळीनं बांधून ठेवलेली ओळ.

त्यानं हात पुसले. आवाज चढवला नाही, त्याला तो चढवता येतच नसे.

"कवापासून म्हाईत हाय तुला?"

"औरंगाबादपासून."

"म्हंजे पैल्या वेचणीपासून." तो खाटेच्या कडेला बसला. "हात जुळवत गेले माझे. तुझा मजकूर मी कुठं समजून घेतो, हात घेतात. 'छापखान्यातला तरुण कामगार' आलं तवा वाटलं, कोण असंल बिचारा. मग ध्यानात आलं, स्टेशनजवळ छापखाना एकच हाय."

मी म्हणाले, सांगणार होते.

"कवा? श्रद्धांजलीचं पत्रक पण माझ्याकडंच आलं असतं, सुमन. अक्षर कुणाला लागणार?"

हे तो हसून म्हणाला. खरंच हसला. मी चुलीपुढं बसले आणि त्या तीन आठवड्यांत न रडलेलं सगळं रडले. पाठीवर त्याचा हात होता, राकेलचा आणि शाईचा वास येणारा. थोड्या वेळानं त्यानं मजकुरावरून माझी कानउघाडणीसुद्धा केली. तुझ्या पत्रकात राग लय असतो, माणूस लय खाली येतो, मी त्याला वर आणलं, म्हणाला.

ती दुपार मला अजून सुटत नाही. मी पुन्हा गंगाखेडच्या रस्त्यावर त्याच्यासाठी माणसं गोळा करत होते, आणि तो खणांपुढं, कुशीला आईनं शिवलेली उशी लावून, हातात माझा कागद धरून उभा होता. आजूबाजूला यंत्राची खडखड. विचारायला कुणी नाही, कारण जिला विचारायचं तिनंच लिहिलेलं. नंतर मी त्याला विचारलं, तेव्हा काय केलंस. म्हणाला, काय करणार, पुढची ओळ जुळवली.

दुसऱ्या दिवशी जिंतूरच्या बाजारात तो माझ्याबरोबर आला. किती सांगितलं तरी ऐकलं नाही. प्रत्येकाच्या हातात पत्रक देताना म्हणायचा, हे माझं हाय, वाचा. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला वाचून दाखवायचा. काहींनी कागद टाकला, रोग कागदाला चिकटून येणार असल्यासारखा. एका बाईनं घडी घालून कमरेला खोचला. मी बाजूला उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा बाजारात उभी राहून मी एक शब्द बोलले नाही.

शनिवारी मी सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर बसले. रक्तानं सह्या केलेल्यांपैकी कुणीही आलं नाही. हे मी इथं लिहून ठेवते. कुणाला झोंबलं तर झोंबू दे. आले ते करीमचाचा. माझ्याकडं बघायला तयार नव्हते, मला काय ठाऊक बेटी, म्हणत राहिले. आणि दुपारी आला येलदरीच्या कामावरचा हजेरी कारकून. मोठ्या शेतीवाल्या घरचा. त्याच्या गावात आमच्या माणसांना आजही वरून पाणी वाढतात. माझ्या तीन पत्रकांत मी त्याला नाव घेऊन सोललं होतं.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं हे पैलं पत्रक, ज्यात मला शिव्या न्हाईत. म्हणून खालपर्यंत वाचलं." आणि बाही वर सारली.

मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. आता तरी हजेरी वाचून दाखवणार का, असं मी त्याला तिथंच विचारलं.

"एका वेळी एकच काय ते मागा," म्हणाला आणि आत गेला.

बाटलीवर रक्ताचा गट होता, जात नव्हती, हे मी मुद्दाम वाकून बघितलं. पुढच्या आठवड्यात त्याच्या हजेरीपत्रकात पुन्हा चार बायका गायब होत्या आणि मी पुन्हा पत्रक काढलं. त्याचं रक्त आणि त्याची हजेरी, दोन्ही खरी आहेत, आणि ती एकमेकांना मिटवत नाहीत. मला ते आजही पटवून घ्यावं लागतं.

तिसऱ्या प्रहरी आत्या आल्या. शेतातून तशाच, लुगड्याला कापसाचे तंतू. रक्त द्यायचं म्हणाल्या. वयामुळं घेतलं नाही. मग माझ्याशेजारी बाकावर बसल्या. "सगळ्या गावाला वाचून झालं," म्हणाल्या, "मग आईला." मी त्यांच्या लुगड्यावरचा एकेक तंतू काढत राहिले. त्यांनी मला काढू दिलं.

नंतर दोन वेचण्या मिळाल्या आम्हाला. गोळ्यांनी पाणथरी उतरली, पट्टा जुन्या भोकावर आला. दर पंधरवड्याला रक्ताचा कागद यायचा. तो उत्तमच उघडायचा आणि दारात उभा राहून मोठ्यानं वाचायचा, माझी हजेरी आली गं, म्हणून. वाईट आकडासुद्धा त्याच आवाजात. त्या दोन वर्षांत आम्ही एकमेकांपासून काही लपवलं नाही. लपवण्यासारखं सगळं आधीच छापून झालं होतं. तिसऱ्या वर्षीचा कापूस लावून झाला होता, पात्या, म्हणजे फुलाआधीच्या कळ्या, धरत होत्या. तेव्हा तो गेला.

उशी अजून तिथंच आहे, त्या चौकटीच्या काठाला. नव्या माणसानं ती सोडली नाही, बरी वाटते म्हणतो.

उत्तमच्या श्रद्धांजलीचं पत्रक छापायला मी करीमचाचांकडं गेले. 'अक्षर कुणाला लागणार' हा त्याचा शब्द आठवत होता. म्हणून त्यांच्या दारातल्या बाकावर बसले आणि शाळेतल्या पोरीसारखं एकेक अक्षर वेगळं काढत, वर रेघ ओढत, सावकाश लिहिलं. राग घातला नाही. माणूस वर घेतला. चाचांनी विचारलं, खाली ती नेहमीची ओळ घालायची ना. मी म्हणाले, या एकाला नको.

तेव्हापासून माझं अक्षर तसंच झालंय. हा लेखही तसाच लिहिला आहे.

त्या दिवशी चाचांच्या कारागिरानं कागद घेतला, एकदा वरून खाली नजर फिरवली, आणि मला एक शब्दही न विचारता खिळे जुळवायला लागला.